गोंदिया जिल्ह्यातील धान उत्पादकांसाठी मृद व जलसंधारणाचे अनुदान : बोडी, शेततळे, गाळ आणि धुरे

गोंदिया जिल्ह्यात पाऊस कमी पडत नाही. वर्षाला सरासरी १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. अडचण वेळेची आहे. जुलैत पऱ्हे तयार असतात आणि रोवणीला पाणी नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धान गर्भात असताना एक पाणी कमी पडते आणि लोंब्या पोचट राहतात. इटियाडोह, पुजारीटोला, सिरपूर, कालीसरार या प्रकल्पांच्या कालव्यांखाली ज्यांची शेती आहे त्यांचे निभावते. बाकीच्यांचा भरवसा गावतलावावर आणि स्वतःच्या बोडीवर.

ही तलावांची व्यवस्था जुनी आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर भागात हजारो तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव त्यांतलाच. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे आले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव हे नाव पडले. मालक बदलला तशी दरवर्षी पाळीची माती ओढण्याची, तुडूम साफ करण्याची गावाची जबाबदारीही सैल पडली. आज अनेक तलावांत गाळ आणि बेशरम भरली आहे आणि बोड्या उथळ झाल्या आहेत.

या कामासाठी शासनाच्या एकाहून अधिक योजनांतून पैसे मिळतात. मात्र प्रत्येक योजनेचा विभाग, अर्जाची जागा आणि पैसे देण्याची पद्धत वेगळी आहे. शेतकऱ्यांची फसगत बहुतेक वेळा इथेच होते. एका योजनेत पैसे शेतकऱ्याच्या खात्यात येतात, दुसरीत मजुराच्या खात्यात जातात, तिसरीत शेतकऱ्याने आधी खर्च करून नंतर वाट पाहायची असते. म्हणून या लेखात योजनांच्या नावांपेक्षा पैसा कोणत्या वाटेने येतो यावर जास्त भर दिला आहे.

शेततळे : अनुदान किती आणि जमीन किती जाते

फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली तेव्हा अनुदानाची कमाल मर्यादा ५०,००० रुपये होती. जून २०२२ पासून वैयक्तिक शेततळे हा घटक मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत आला आणि मर्यादा ७५,००० रुपये झाली. रक्कम तळ्याच्या आकारमानानुसार ठरते. लहान तळ्याला कमी, ७५,००० ही फक्त वरची मर्यादा. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा. पूर्वी निवड सोडतीने होत असे, २०२५ पासून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ हे तत्त्व लागू झाले आहे. त्यामुळे अर्ज लवकर करण्याला आता अर्थ आहे.

अर्ज करण्यापूर्वी एक हिशेब कागदावर मांडावा. ३४ बाय ३४ मीटरचे तळे १,१५६ चौरस मीटर, म्हणजे साडेअकरा गुंठे जागा घेते. काठावरची माती धरली तर त्याहून जास्त. ज्याच्याकडे एकच एकर आहे त्याच्या शेताचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग गेला. एकरी १५ क्विंटल धान धरले तर १२ गुंठ्यांतून साडेचार क्विंटल धान दरवर्षी बुडते. २०२५-२६ च्या २,३६९ रुपये हमीभावाने ते साधारण १०,६०० रुपये होतात. उरलेल्या २८ गुंठ्यांचे एक हुकणारे पीक वाचले, रब्बीत हरभरा किंवा लाखोळीला एक पाणी मिळाले, तळ्यात मासे सोडले, तर हा व्यवहार जमतो. नुसते अनुदान मिळते म्हणून तळे खोदले तर जमत नाही. ज्यांच्याकडे दोन एकरांहून कमी जमीन आहे त्यांनी लहान आकाराचेच तळे घ्यावे, असे आमचे मत आहे. अनुदान कमी मिळेल, पण धानाखालचे शेत वाचेल.

जागा निवडताना बांध्यांचा उतार पाहावा. या भागातल्या जुन्या बोड्या शेताच्या वरच्या टोकाला आहेत. वरच्या टिकरावरचे पाणी त्यात उतरते आणि खालच्या बांध्यांना पंपाशिवाय मिळते. शेततळे मात्र अनेकदा शेताच्या खालच्या, पाणथळ कोपऱ्यात खोदले जाते, कारण तिथे तसेही पीक कमी येते. तळे भरते, पण पाणी वर चढवायला डिझेल जाळावे लागते. मोजमाप करायला येणाऱ्या कर्मचाऱ्यानेही ही गोष्ट शेतकऱ्याच्या लक्षात आणून द्यावी. जमिनीचा प्रकारही पाहावा. मोरंड आणि कन्हार जमिनीत पाणी टिकते, बरडी किंवा खरडीत तळे दिवाळीपूर्वी कोरडे पडण्याचा धोका असतो.

जुनी बोडी असेल तर

शेततळ्याची योजना नव्या खोदाईसाठी आहे. ज्यांच्याकडे आधीच बोडी आहे त्यांनी तिचे खोलीकरण, पाळ दुरुस्ती आणि सांडव्याचे काम रोजगार हमीतून किंवा गाव जलयुक्त शिवार अभियानात असेल तर त्या आराखड्यातून मागावे. जलयुक्त शिवार डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा आहे. त्यात काम गावाच्या आराखड्यात असावे लागते. आराखडा ग्रामसभेत ठरतो. ज्या ग्रामसभेला आपण गेलो नाही तिच्या आराखड्यात आपली बोडी सापडत नाही.

रोजगार हमीबाबत एक गैरसमज सर्वत्र आहे. ‘बोडीला एक लाख मंजूर झाले’ असे ऐकले की शेतकरी बँकेत जाऊन खाते पाहतो. रोहयोत ती रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात येत नाही. ती कामाची अंदाजपत्रकीय किंमत असते आणि खोदाईसारख्या कामात तिचा बहुतेक भाग मजुरीचा असतो. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राचा मजुरी दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने एक लाख रुपये म्हणजे सुमारे ३२० मनुष्यदिवस. हे काम जॉबकार्डधारक मजूर करतात, पैसे त्यांच्या खात्यात जातात आणि शेतकऱ्याला बोडी मिळते. शेतकऱ्याच्या घरातील जॉबकार्डधारकाने आपल्याच शेतातील कामावर मजुरी करणे अपेक्षित आहे. त्यामुळे घरात मजुरीही येते.

वैयक्तिक जमिनीवरील कामासाठी अनुसूचित जाती, जमाती, भटक्या व विमुक्त जमाती, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे, स्त्री किंवा दिव्यांग कुटुंबप्रमुख, घरकुल योजनेचे लाभार्थी आणि वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळालेले शेतकरी यांना प्राधान्य असते. त्यांच्यानंतर अल्प व अत्यल्प भूधारक. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या तालुक्यांत वनपट्टेधारक पुष्कळ आहेत. पट्टा असलेल्या जमिनीवर बांध-बंदिस्तीचे, बोडीचे काम घेता येते. ‘सातबारा नाही म्हणून जमत नाही’ असे तोंडी सांगितले गेले तर लेखी उत्तर मागावे.

रोहयोत ठेकेदार चालत नाही आणि मजुरांचे काम काढून घेणारी यंत्रेही चालत नाहीत. जेसीबीने एका रात्रीत बोडी उकरून घेतली आणि मग हजेरीपटावर नावे चढवली, तर सामाजिक अंकेक्षणात शेतकऱ्याचेच नाव पुढे येते आणि वसुली निघू शकते. घाई असेल तर रोहयोचा मार्ग धरू नये. सवड असेल तर जानेवारीपूर्वी कामाला मंजुरी मिळवावी, कारण बोडी आटल्यापासून मृग लागेपर्यंत हाती तीन-चार महिनेच असतात.

मजुरांनी कामाची मागणी नमुना ४ वर लेखी करावी आणि नमुना ५ वर पोच घ्यावी. मागणीपासून १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेरोजगार भत्त्याचा हक्क आहे. हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी जमा झाली पाहिजे. सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर दररोज ०.०५ टक्के विलंब भरपाई कायद्यात आहे. पोच नसेल तर यातले काहीच मागता येत नाही. केंद्राच्या हमीपुढच्या दिवसांसाठी महाराष्ट्राचा १९७७ चा स्वतःचा रोजगार हमी कायदा आहे.

तलावातील गाळ : घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना मे २०१७ मध्ये आली. त्या वेळी गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने करायचा होता. साहजिकच ज्याच्या घरी ट्रॅक्टर त्याच्या शेतात गाळ गेला आणि लहान शेतकरी काठावर उभा राहून पाहत राहिला. १६ जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयाने योजना पुन्हा सुरू करताना ही त्रुटी काढली. आता गाळ वाहून नेणे आणि शेतात पसरणे यासाठी अनुदान आहे.

- दर : प्रति घनमीटर ३५.७५ रुपये
- मर्यादा : एकरी १५,००० रुपये, कमाल अडीच एकर, म्हणजे ३७,५०० रुपये
- पात्र : एक हेक्टरपर्यंतचे अत्यल्प आणि दोन हेक्टरपर्यंतचे अल्प भूधारक, विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातील शेतकरी यांची जमीन यापेक्षा जास्त असली तरी पात्र

मोठे शेतकरी गाळ नेऊ शकतात, पण स्वखर्चाने. गाळ विकता येत नाही आणि तलावातून वाळू काढता येत नाही. यंत्राने गाळ उपसण्याचा खर्च शासन वेगळा, काम करणाऱ्या संस्थेला किंवा ग्रामपंचायतीला देते. त्यामुळे उपसण्यासाठी म्हणून शेतकऱ्याकडून कोणी पैसे मागत असेल तर द्यायचे नाहीत.

गावात कोणी घनमीटरमध्ये बोलत नाही, ब्रास किंवा ट्रॉलीत बोलतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. म्हणजे अनुदान ब्रासला सुमारे १०१ रुपये पडते. एकरी १५,००० ची पूर्ण मर्यादा गाठायला जवळपास ४२० घनमीटर, म्हणजे १४८ ब्रास गाळ टाकावा लागेल. आता समजा तुमच्या गावात तलाव ते शेत या अंतरासाठी ट्रॅक्टरवाला ब्रासला २५० रुपये घेतो. ३०० घनमीटर गाळ नेला तर १०६ ब्रास झाले, भाडे २६,५०० रुपये आणि अनुदान १०,७२५ रुपये. उरलेले १५,७७५ रुपये खिशातून, तेही आधी. अनुदान खर्चाचा काही भाग भरून काढते, सगळा नाही. शेत तलावाला लागून असेल तर मात्र हिशेब खूप वेगळा होतो. म्हणून तलावाच्या पाळीपासून किलोमीटरभरातल्या शेतकऱ्यांनी याचा विचार आधी करावा.

गाळ कुठे टाकावा, कुठे टाकू नये

अनुदानाच्या नादात ही बाजू विसरली जाते. एका एकरात ४०० घनमीटर गाळ पसरला तर त्याचा थर १० सेंटिमीटर होतो. सपाट कोरडवाहू शेतात याने फारसे बिघडत नाही. धानाच्या बांध्यांचे तसे नाही. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी उतरते ते काही सेंटिमीटरच्या फरकावर. मधल्याच बांधीत चार बोटे थर चढवला तर वरचे पाणी तिथे थांबते, ती बांधी कोरडी राहते आणि शेजाऱ्याशी भांडण सुरू होते. गाळ टाकायचा तर तो उताराच्या ओळीतल्या सर्व बांध्यांत सारखा टाकावा किंवा थर पातळ ठेवून दोन-तीन वर्षांत विभागून टाकावा. थर चढला की धुऱ्याची उंचीही तेवढीच वाढवावी लागते, नाहीतर बांधीत पाणी धरत नाही. धुऱ्याच्या कामाचा खर्च गाळाच्या अनुदानात धरलेला नाही.

बरडी, खरडी, सिहार अशा हलक्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीत गाळाचा फायदा स्पष्ट दिसतो. कन्हारासारख्या आधीच चिकण जमिनीत आणखी चिकण गाळ टाकून काही मिळत नाही, उलट रब्बीत नांगरट जड होते. गाळ उन्हात वाळवून, ढेकळे फोडून, पहिल्या पावसाआधी मातीत मिसळावा. त्याआधी गाळाचा आणि शेतातील मातीचा नमुना तपासून घ्यावा. ही सोय हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारावी. काही तलावांत गावाचे सांडपाणी येते. तसा गाळ तपासल्याशिवाय शेतात नेऊ नये. बेशरमची खोडे गाळातून निवडून काढावीत, तुकडे राहिले तर ती धुऱ्यावर फुटते.

तलावाच्या बाजूनेही काही पथ्ये आहेत. पाळीच्या पायथ्याशी खोदू नये, कारण पाळ खचते. गाळाखालचा मूळ घट्ट तळ फोडू नये, पाणी झिरपून जाते. तलाव मासेमारी संस्थेला ठेक्याने दिलेला असेल तर त्यांच्याशी बोलूनच उपसण्याचे दिवस ठरवावेत. काठाच्या उथळ भागात देवधान आणि इतर पाणवनस्पती असतात, मासे तिथे अंडी घालतात आणि पक्षी तिथेच चरतात. तेवढी पट्टी तशीच सोडावी. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे मामा तलाव बहुतांशी जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे आहेत. परवानगी आणि मोजमाप यांची चौकशी तिथून सुरू करावी. शेतकऱ्याने आपली मागणी मात्र ग्रामपंचायतीत लेखी नोंदवायची असते.

इतर योजना थोडक्यात

सेंद्रिय शेतीच्या परंपरागत कृषी विकास योजनेत गट करावा लागतो. तीन वर्षांसाठी हेक्टरी एकूण ३१,५०० रुपयांची तरतूद आहे आणि त्यांपैकी १५,००० रुपये निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याला मिळतात. बाकी प्रमाणीकरण, प्रशिक्षण, विक्री यांवर खर्च होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानात एकरी वर्षाला ४,००० रुपये, दोन वर्षे, एका एकरापुरते अशी तरतूद आहे. रक्कम लहान आहे. ज्यांचा जिरा शंकर, हिरानक्खीसारखा सुवासिक देशी धान घेण्याचा विचार आहे आणि ग्राहक ठरलेला आहे त्यांनीच यात उतरावे. वैनगंगा आणि बाघ नदीकाठच्या ज्या गावांत सारस पक्षी धानाच्या बांध्यांत घरटी करतो, तिथे कीटकनाशकाचा वापर कमी होण्याला वेगळे महत्त्व आहे. सारसाच्या प्रश्नाची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली आहे.

ठिबक व तुषारला केंद्राचे ५५ टक्के (अल्प व अत्यल्प भूधारक) आणि ४५ टक्के (इतर) अनुदान आहे. राज्याच्या पूरक अनुदानासह ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. धानाला त्याचा उपयोग नाही, भाजीपाला व फळबागेला आहे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे पैसे झाडे जगण्याच्या प्रमाणावर अवलंबून असतात. हातात पाणी नसताना हे झाडांचे ओझे घेऊ नये.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी खर्चाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी कमी ती रक्कम मिळते. अर्ज वन विभागाकडे करायचा असतो. डुकरांचा उपद्रव असलेल्या गावांतले शेतकरी तारेत थेट वीज सोडतात. त्यात माणसे मरतात, वाघ मरतात आणि गुन्हा दाखल होतो. सौर कुंपणाचा झटका जीवघेणा नसतो.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील २१ जिल्ह्यांत गोंदिया आहे. आपले गाव निवडलेल्या गावांत असल्यास शेततळे, ठिबक, फळबाग यांचे अर्ज त्या प्रकल्पातून करता येतात का, हे आधी पाहावे. एकाच घटकासाठी दोन योजनांतून अनुदान घेता येत नाही.

पैसा कुठे अडकतो

पूर्वसंमती. महाडीबीटीवरील कोणत्याही घटकात पूर्वसंमती पत्र मिळण्यापूर्वी केलेल्या कामाला अनुदान नाही. मृग जवळ आला, जेसीबी गावात आहे, म्हणून आधी तळे खोदून घेणारे शेतकरी दरवर्षी भेटतात. काम खरे असते, खर्च खरा असतो, पण कागदाची तारीख उलटी असते आणि कोणताही अधिकारी ती सरळ करू शकत नाही. पत्र आल्यावर त्यात दिलेल्या मुदतीत काम संपवून देयक अपलोड करावे. मग मोका तपासणी, मग रक्कम.

शेतकरी ओळख क्रमांक. ॲग्रीस्टॅकचा हा क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना बंधनकारक आहे. सातबारावरील नाव आणि आधारवरील नाव जुळत नसेल, वडिलांच्या नावावरची जमीन अजून वारसांच्या नावे झाली नसेल, तर क्रमांक निघत नाही किंवा त्यात जमीन दिसत नाही. वारस नोंदीचे काम अनुदानाची जाहिरात आल्यावर नव्हे, आत्ताच तलाठ्याकडे द्यावे.

आधार आणि बँक. ‘खात्याला आधार जोडले आहे’ आणि ‘खाते थेट लाभासाठी आधारशी जोडले आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुदान एनपीसीआयच्या नोंदीत जे खाते शेवटचे जोडलेले असेल त्यात जाते. अनेकांचे पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून असतात आणि ते कार्यालयाला दोष देत असतात. बँकेत जाऊन ‘माझ्या आधारवर थेट लाभासाठी कोणते खाते चालू आहे’ असाच प्रश्न विचारावा. रोहयोची मजुरीही १ जानेवारी २०२४ पासून आधार आधारित पद्धतीनेच येते.

सामाईक सातबारा. चार भावांची नावे एका सातबाऱ्यावर असतील तर एकाच्या नावे तळे किंवा बोडी घेताना बाकीच्यांचे संमतीपत्र लागते. काम झाल्यावर पाण्यावरून वाद होऊ नये म्हणून संमतीपत्रातच पाळी लिहून घ्यावी. सरकारी कागदाला त्याची गरज नाही, भावांना आहे.

बटईदार. धानपट्ट्यात बटईने किंवा ठेक्याने शेती करणारे खूप आहेत आणि या सगळ्या योजनांमध्ये त्यांचे नाव कुठेच नाही. अनुदान सातबारावरील नावाला मिळते. गाळ बटईदार आपल्या मेहनतीने आणि भाड्याने टाकतो, पैसे मालकाच्या खात्यात येतात आणि पुढच्या वर्षी सुधारलेली जमीन मालक दुसऱ्याला जास्त ठेक्याने देतो. हे ऐकायला बरे वाटत नाही, पण घडते. बटईदाराने गाळ टाकण्यापूर्वी मालकाकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : अनुदान जमा झाल्यावर ते त्याला मिळेल आणि किमान तीन हंगाम जमीन त्याच्याकडे राहील. मालक लिहून देत नसेल तर त्या शेतात गाळ टाकू नये.

मोजमाप. गाळाच्या अनुदानात सर्वाधिक वाद इथे होतात. शेतकरी ट्रॉल्या मोजतो, अभियंता तलावातला खड्डा मोजतो आणि दोन्ही आकडे जुळत नाहीत. उकरलेला गाळ सैल होऊन फुगतो, त्यामुळे ट्रॉल्यांचे आकारमान खड्ड्यापेक्षा नेहमी जास्त भरते. हा फरक म्हणजे चोरी नव्हे. मात्र एका खड्ड्यातून दहा जणांनी गाळ नेला तर कोणाचे किती हे खड्डा सांगत नाही. म्हणून प्रत्येक दिवशी शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, ट्रॉल्यांची संख्या आणि ट्रॉलीचे माप वहीत लिहावे आणि त्यावर ग्रामपंचायतीच्या माणसाची सही त्याच संध्याकाळी घ्यावी. सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांनी (जुने नाव कृषी सहायक) किंवा ग्रामरोजगार सेवकांनी अशी वही कामाच्या पहिल्या दिवशीच सुरू करून दिली तर पुढची बरीच भांडणे टळतात. पहिला पाऊस पडला की खड्ड्यात पाणी भरते आणि त्यानंतर मोजमाप होत नाही. अंतिम मोजमाप मे अखेरपर्यंत उरकले आहे का, याची विचारणा गाळ नेणाऱ्यानेच करायची आहे.

रक्कम आली नाही तर आधी तालुका कृषी अधिकारी किंवा लघु पाटबंधारे उपविभागाकडे लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. तोंडी विचारणेची कुठेही नोंद होत नाही. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात तीनच प्रश्न विचारावेत : माझे मोजमाप पुस्तकात किती घनमीटर नोंदले आहे, माझे देयक कोणत्या तारखेला पुढे गेले, आणि सध्या ते कोणत्या टेबलवर आहे. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. लांबलचक तक्रारीपेक्षा या तीन प्रश्नांना उत्तर देणे कार्यालयाला सोपे जाते, आणि नेमके अडलेले ठिकाण त्यातूनच कळते.